पास तर सगळ्याच होतात!

आमच्या गडबमध्ये पीयूसीत नापास झालेली मोटरसायकल मी आजवर पाहिलेली नाही. ऐकलेलीही नाही. पंचवीस वर्षांची सीडी हंड्रेड, सायलेन्सरला वेल्डिंगची ठिगळं लावलेली बॉक्सर, नागोठण्याच्या बाजारातून निळा धूर सोडत परत येणारी एम-एटी... सगळ्या पास. त्यापेक्षा दहावीचा निकाल बरा, तिथे निदान चार पोरं तरी गळतात!

आता कुणी म्हणेल, मग तुझ्या पोटात का दुखतंय बाबा? पास झाल्या तर झाल्या.

दुखतंय खरं. कारण यातल्या बऱ्याच गाड्या खरोखरच पास होऊ शकतात. प्रामाणिकपणे, यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घालून, आकडा वाचून. त्यासाठी लागतो तासभर वेळ, एखादा प्लग, जरासं कार्बोरेटर क्लीनर आणि स्क्रू ड्रायव्हर धरता येणारा माणूस. पण तो तास कुणीच देत नाही, कारण न देताही कागद मिळतो. मग तोच कागद दाखवून एक बाजू म्हणते, सगळं आलबेल आहे. दुसरी बाजू म्हणते, हे कागद खोटे आहेत, सबब जुन्या गाड्याच भंगारात घाला. मला विचाराल तर दोन्ही बाजू सारख्याच आळशी आहेत, आणि आज मला या दोघांशीही भांडायचंय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला नियम ११५. त्याप्रमाणे ऑक्टोबर २००४ पासून दुचाकीचे आकडे असे: गाडी मार्च २००० पर्यंत बनलेली असेल तर स्लोला, म्हणजे गाडी नुसती जागेवर चालू असताना, धुरात कार्बन मोनॉक्साईड ४.५ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतो. त्यानंतर बनलेली फोर-स्ट्रोक असेल तर ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. टू-स्ट्रोकला ३.५ आणि ६०००. (बीएस-फोर आणि पुढच्या गाड्यांना नियम कडक आहेत, पण आपण बोलतोय ते त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्यांबद्दल.)

हे आकडे किती सैल आहेत ते कळायला तुलना करा. बीएस-फोर पेट्रोल मोटारीला मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. म्हणजे आमच्या २००३ सालच्या स्प्लेंडरला कार्बन मोनॉक्साईड जवळजवळ बारापट आणि हायड्रोकार्बन बावीसपट सोडायची मुभा आहे. पस्तीस मार्कांचं पासिंग म्हणतात ते हेच. आणि आपण तिथेही कॉपी करतोय. लाज काढली की हो!

कॉपी करायच्या तीन पद्धती मला ठाऊक आहेत. पहिली, गाडी न नेताच. मागे एके ठिकाणी मी गाडी घेऊन गेलो तर तिथला पोरगा मलाच म्हणाला, "गारी कशाला आनलीस? फोटू पाठवायचास ना!" (कुठे ते सांगत नाही. त्याच्या पोटावर पाय आणायचा नाहीये.) दुसरी, गाडी न्यायची पण नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवायची. यंत्र बिचारं निम्मी बाहेरची हवा ओढतं आणि खुशाल छान छान आकडे दाखवतं. तिसरी पद्धत जरा 'टेक्निकल' आहे. मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी, हवा जास्त करून देतो, गाडी कशीबशी धापा टाकत स्लोला उभी राहते, आकडा येतो, पावती निघते, आणि टपरीपासून वीस पावलांवर स्क्रू परत होता तिथे.

गंमत म्हणजे नापास करायची सोय सरकारने केलेली आहे. जून २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशभर पीयूसीचा एकच नमुना आणला, त्यावर क्यूआर कोड आला, आणि त्यातच अशीही तरतूद आहे की आकडा मर्यादेबाहेर गेला तर मालकाला नकाराची स्लिप द्यायची. कारणासकट. ती घेऊन त्याने गाडी दुरुस्त करायची किंवा दुसऱ्या केंद्रावर परत तपासून घ्यायची. कागदावर किती शहाणी कल्पना आहे! तुमच्यापैकी कुणी ती स्लिप आयुष्यात डोळ्यांनी पाहिली असेल तर मला जरूर सांगा, मी वडखळला मिसळ खाऊ घालतो.

हे फक्त रायगडातलं रडगाणं आहे असं समजू नका. दिल्लीच्या हवेबद्दलचा कॅगचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत ठेवला गेला. त्यात आहे की १.०८ लाखांहून जास्त गाड्यांना कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोकार्बन मर्यादेपेक्षा जास्त असतानाही पीयूसी मिळालं. म्हणजे बघा, आकडा यंत्रात नापासाचा, आणि खाली शिक्का पासचा! इतकी साधी तुलना संगणकाला करता येत नव्हती? अहो, पहिल्या सेमिस्टरला आम्हाला याहून अवघड प्रोग्राम असायचा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. आमच्या हापिसात एखादी टेस्ट सारखी फेल होत असेल आणि शुक्रवारी रिलीज असेल, तर एखादा हुशार गडी काय करतो? कोड दुरुस्त करत नाही, टेस्टच कमेंट करून टाकतो. स्क्रीन हिरवीगार. सगळे खूश. सोमवारी ग्राहकाचा फोन येतो तेव्हा तो गडी सुट्टीवर असतो :-)

याच धर्तीवरचं सगळ्यात मोठं कांड मोटारींच्याच जगात झालं. फोक्सवॅगन, सप्टेंबर २०१५. डिझेल गाडीच्या सॉफ्टवेअरला कळायचं की आपली आत्ता प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे (स्टीअरिंग हलत नाहीये, चाकं मात्र फिरतायत वगैरे खुणांवरून) आणि तेवढ्यापुरती गाडी शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की मूळ स्वभावावर. जगभरात एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्या. भारतातही आमच्या पुण्याच्या एआरएआयने गाड्या रस्त्यावर चालवून तपासल्या आणि त्या डिसेंबरात ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलवायचं ठरलं. हे उघडकीला आलं ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या काही मंडळींमुळे, ज्यांनी धूर मोजायचं यंत्र गाडीच्या मागे बांधलं आणि सरळ रस्त्यावर गाडी हाणली.

तेव्हा आपण सगळ्यांनी नाकं मुरडली. जर्मन लोक बघा कसे निघाले! आणि आमचा मिस्त्री वीस पावलांवर स्क्रू फिरवतो ते काय आहे? तेच आहे. फक्त सॉफ्टवेअरच्या जागी चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर.

बरं, या फसवणुकीत मिस्त्री खलनायक आहे का? नाही. पीयूसीवाला पोरगा? तोही नाही. दुचाकीचे मिळतात पन्नास रुपये. त्याने दहा गाड्या नापास केल्या तर त्या दहा गाड्या पुढच्या टपरीवर जातात आणि पुढच्या वेळी अख्खं गाव तिकडेच जातं. ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच परीक्षक निवडायचा आणि पास केलं तरच पुढच्या वेळी यायचं, अशी पद्धत असेल तर निकाल काय लागणार? आणि ग्राहकाला तरी धूर मोजून कुठे हवाय, त्याला हवाय तो पोलिसाला दाखवायचा कागद. कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एवढी मोठी तलवार डोक्यावर टांगली की माणूस गाडी दुरुस्त करत नाही, तो कागद मिळवतो. दंड वाढवून धूर कमी होतो हे ज्याने कुणी ठरवलं त्याने कधी हायवेवरची टपरी पाहिलेली नसावी.

असो. आता कामाची गोष्ट. आमच्या तात्यांची (चुलते) स्प्लेंडर आहे, २००३ ची. शेतावरचं, खाडीवरचं जे काय असेल ते मागे क्रेट बांधून पेणला नेतात. २०१८ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पेणच्या आरटीओत जाऊन पासिंग करून आणलं, पर्यावरण कराचे दोन हजार भरले, २०२३ ला परत तेच. म्हणजे माणूस नियमाने वागणारा आहे. मी म्हटलं, तात्या, एकदा खरी चाचणी करून बघूया का? तात्या म्हणाले, "पास गाडी नापास करायला कशाला नेतोस?" प्रश्न बिनतोड होता, पण तरी नेली. ओळखीच्या पीयूसीवाल्याला सांगितलं, नळी पूर्ण आत घाल, कागद नको, नुसते आकडे दाखव.

कार्बन मोनॉक्साईड ४.१. हायड्रोकार्बन ११०० च्या आसपास.

म्हणजे हायड्रोकार्बन मर्यादेच्या पावपटीत आणि कार्बन मोनॉक्साईडवर दांडी गुल. हे दोन आकडे वेगवेगळं बोलतात, आणि ते ऐकायला शिकलं की अर्धं काम होतं. कार्बन मोनॉक्साईड म्हणजे अर्धवट जळालेलं पेट्रोल. हवा कमी पडली की तो वाढतो. हायड्रोकार्बन म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं पेट्रोल. प्लग नीट उडत नसेल, वॉल्व्ह बसत नसतील, गाडी ऑइल खात असेल किंवा मिश्रणात पेट्रोल इतकं कमी केलं असेल की ते पेटतच नाही, तर हा वाढतो. म्हणूनच स्क्रू फिरवून हवा वाढवत नेली की आधी कार्बन मोनॉक्साईड खाली येतो, आणि एका मर्यादेपुढे गेलात की इंजिन ठेचकाळायला लागतं आणि हायड्रोकार्बन उडी मारतो. खरी जागा या दोन्हींच्या मधे असते. कानाने ती साधारण सापडते, यंत्राने नेमकी सापडते.

तात्यांच्या गाडीत निघालं काय? एअर फिल्टर इतका कोंदलेला की तो झटकला तर महामार्गाची अर्धी माती अंगणात. चोकचा दांडा वर-खाली होत होता, पण आतला प्लंजर गंजून पूर्ण खाली बसत नव्हता, म्हणजे गाडी बारा महिने थोड्या चोकवर चालत होती! आणि फ्लोटच्या वाटीत तपकिरी गाळ. आमच्याकडे पावसाळ्यात टाकीत पाणी जातंच, खाडीची खारी हवा पत्र्याला सोडत नाही, तो गंज पेट्रोलबरोबर खाली उतरतो.

कार्बोरेटर काढला, वाटी धुतली, जेटमधून हवा मारली. इथे एक कळकळीची विनंती: जेटमध्ये तार घालू नका. स्लोचा जेट अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतो आणि पितळ मऊ असतं. तार घालून भोक मोठं केलंत की ती गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिणार, मग कितीही स्क्रू फिरवा. आमच्याकडे अर्ध्या गाड्यांची वाट याच तारेने लावलेली आहे, हा माझा दाट संशय. मग फिल्टर नवा, प्लग साफ करून गॅप बघून, टॅपेट थंड इंजिनवर लावून घेतले. दहा-बारा किलोमीटर चालवून इंजिन गरम केलं. थंड गाडीची चाचणी घेणं म्हणजे झोपेतून उठवून तोंडी परीक्षा घेणं.

शेवटी स्क्रू. आणि इथे मोठमोठे मिस्त्रीही फसतात. स्क्रू कार्बोरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, आत फिरवला की हवा कमी, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, आत फिरवला की पेट्रोल कमी. बरोब्बर उलटं! एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर आंधळेपणाने चालवला की झालाच घोटाळा. तर आधी स्क्रू हलक्या हाताने आत टेकवायचा, मॅन्युअलमध्ये सांगितलेत तेवढे आटे बाहेर घ्यायचा, मग पाव-पाव आटा फिरवत जिथे स्लो सगळ्यात उंच आणि एकसारखा लागतो तिथे थांबायचं, आणि वाढलेली रेस थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणायची. झालं. यात गुप्तविद्या काहीही नाही.

परत त्याच पोराकडे. कार्बन मोनॉक्साईड १.४, हायड्रोकार्बन ४२० च्या आसपास. वीस वर्षं उलटलेली गाडी, मर्यादेच्या निम्म्याहून खाली. आणि परतताना स्क्रूला कुणी हात लावला नाही, कारण गरजच नव्हती. चोक सुटल्यामुळे तात्यांच्या हिशेबाने लिटरमागे पाचेक किलोमीटर वाढलेत. तात्या पर्यावरणाबद्दल अजूनही काही बोलत नाहीत, पाच किलोमीटरबद्दल मात्र नाक्यावर सगळ्यांना सांगतात.

माझा मुद्दा हाच आहे. हे यंत्र म्हणजे मिस्त्रीच्या कानाला मिळालेला चष्मा आहे (उपमा गंडली, पण समजून घ्या). गॅरेजवाल्याला असलं यंत्र घेणं परवडत नाही, आणि पीयूसीवाल्याकडे ते दिवसभर पडून असतं, कागद छापण्यापुरतं. आजारी माणसाचा ताप मोजायचा थर्मामीटर आपण फक्त 'ताप नाही' असा दाखला द्यायला वापरतोय.

यंत्राला फसवता येतं हे खरं, पण यंत्र तितकं भोळंही नाही. सायलेन्सर बेंडजवळ गंजून त्याला भोक पडलेलं असेल (आमच्याकडे पडतंच) तर तिथून हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि नापास गाडी पास दिसते. नळी अर्धवट घातली तरी तेच. पण यंत्र कार्बन डायऑक्साईडही मोजतं. मोनॉक्साईड आणि डायऑक्साईडची बेरीज फारच कमी आली की समजायचं, धुरात बाहेरची हवा मिसळलीय. म्हणजे चोरी पकडायला लागणारी माहिती यंत्राच्या पडद्यावर हजर असते. बघायचं कुणी?

आता दुसऱ्या बाजूकडे. माझे शहरातले मित्र. यांचं म्हणणं असं की एवढं सव्यापसव्य करण्यापेक्षा पंधरा वर्षांपुढची प्रत्येक गाडी भंगारात काढा, किस्सा खतम. दिल्लीचा दाखला देतात. तिथे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल आणि दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत हा आदेश सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये कायम केला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर पेट्रोल नाकारायला सुरुवातही झाली, आणि एवढा ओरडा झाला की काही दिवसांत ते थांबवावं लागलं. का ओरडा झाला? कारण वय मोजणं सोपं असतं, म्हणून सरकारला ते आवडतं. नीट ठेवलेली स्प्लेंडर आणि इंजिन खिळखिळं झालेली स्प्लेंडर यांचं आरसी बुकातलं वय एकच असतं.

मित्रांनो, एक दिवस गडबला या. नाक्यावर उभे राहा. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि दहा वर्षं उलटून गेली तरी पुरं झालं नव्हतं. त्या काळात आमच्या पोरांनी धुळीत वाट काढत शाळा केली. डोलवीच्या कारखान्याकडून पोलादाची कॉइल लादलेले ट्रेलर, कंटेनर, वाळूचे डंपर, गणपतीत तर काय विचारूच नका. घरातल्या कपाटावर बोट फिरवलं तर जी काळी रेघ उठते ती स्प्लेंडरच्या कार्बन मोनॉक्साईडची नाही. तो वायू आहे, त्याची रेघ उठत नाही. धूळ आणि काजळी पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मोजलीच जात नाही, नायट्रोजनचे ऑक्साईडही नाहीत. म्हणजे जे यंत्राला दिसतच नाही त्याचा राग तुम्ही तात्यांच्या गाडीवर काढणार?

याचा अर्थ दुचाकीचा धूर निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. सिग्नलला मागे उभं राहून डोकं दुखतं ते उगाच नाही, आणि बंद शेडमध्ये चालू ठेवलेली गाडी जीव घेऊ शकते. म्हणून तर मोजा म्हणतोय. पण नवी गाडी आज रस्त्यावर आणायची तर पाऊण लाखाच्या पुढे जाते. आमच्याकडे दिवसाला दोन एसटी चुकल्या की पेणच्या बाजाराची वेळ टळते, कासूला गाडी थांबते तिची वेळ आणि मासळीची वेळ जुळतेच असं नाही. अशा माणसाकडून चालती, दुरुस्त होणारी आणि नियमात बसणारी गाडी काढून घ्यायची, का? तर आपल्याला नळी नीट आत घालून आकडा वाचायचा कंटाळा आहे म्हणून.

आणि सरकारने तरी या कार्बोरेटरवाल्यांना काय सांगितलंय? इथेनॉलचंच बघा. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल २०२२ ला झालं, २०२५ पर्यंत वीस टक्के पंपापंपावर आलं. इंजेक्शनवाल्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर असतो, तो धूर हुंगतो आणि पेट्रोल आपोआप कमीजास्त करतो. कार्बोरेटरला नाक नाही. त्याचं भोक तेवढंच राहतं. शुद्ध पेट्रोलला एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की हिशेब येतो साडेतेराच्या आसपास. म्हणजे जेट तोच ठेवला तर गाडी आपोआप आठ-नऊ टक्के 'हवा जास्त'च्या बाजूला सरकते. पीयूसीच्या दृष्टीने हे बरंच, कार्बन मोनॉक्साईड खाली येतो! पण सकाळी गाडी चालू व्हायला नखरे करते, स्लोला बंद पडते, मालक वैतागून गॅरेजला जातो, आणि मिस्त्री काय करतो? स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतो. आले परत मूळ पदावर.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेलं आहे की जुन्या धर्तीच्या दुचाकींचं मायलेज वीस टक्के इथेनॉलने ३ ते ४ टक्के घटेल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने एवढंही मान्य केलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, आणि ते काम स्वस्त आहे. स्वस्त आहे, कबूल. पण हे गडबच्या नाक्यावरच्या मिस्त्रीला कुणी सांगितलं? कुठला ओ-रिंग, कुठला पाइप, स्क्रू किती आटे? एक पानभर मराठी पत्रक काढून पंपावर चिकटवायला किती खर्च येतो हो? पंपावर मंत्र्यांचे फोटो लावायला जागा असते तेवढीच लागेल.

इथे आरएक्स हंड्रेडची भक्तमंडळी टाळ्या वाजवत असतील तर थांबा. तुमच्यासाठी मी भांडत नाहीये. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम नव्या पेट्रोलनेच करायचं असतं, आणि ढकलता ढकलता थोडं ताजं पेट्रोल थेट सायलेन्सरमधून बाहेर जातं. ऑइल मिसळलेलं, वर. हा बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे, आणि कितीही ट्युनिंग करून ती पूर्ण सुधारत नाही. १९९६ ला उत्पादन थांबलेली गाडी रविवारी सकाळी बाहेर काढून पुसता, आवाज ऐकता, ठीक आहे, छंद आहे. पण वर आतल्या नळ्या काढलेला सायलेन्सर लावून 'आमच्या जुन्या गाड्यांवर अन्याय' म्हणून तात्यांच्या मागे लपू नका. ह. घ्या., किंवा नका घेऊ.

मग करायचं काय? माझी मागणी फार मोठी नाही. पीयूसीवाल्याला पैसे मिळावेत ते तपासणीचे, पास करण्याचे नव्हेत. गाडी पास होवो वा नापास, पन्नास रुपये त्याचे. नापास झाली तर ती २०२१ ची स्लिप खरोखर हातात द्यावी, दोन्ही आकड्यांसकट, आणि त्या स्लिपवर सात दिवसांत दुसरी तपासणी फुकट. त्या सात दिवसांत पोलिसाने अडवलं तर तीच स्लिप चालावी, म्हणजे नापास होण्याची भीती जाईल. आणि दहा-वीस रुपयांत नुसता आकडा दाखवायची सोय, कागदाशिवाय, म्हणजे मिस्त्री गाडी तिथेच लावून आकडा बघत स्क्रू फिरवील. आयटीआयच्या पोरांना हे यंत्र वाचायला शिकवा. हे सगळं झाल्यावरही जी गाडी नापास होईल ती खुशाल भंगारात घाला, मी स्वतः ढकलत नेईन.

यावर एका मित्राचं म्हणणं पडलं, "सिस्टिम इतकी किडलेली आहे की तुझ्या स्लिपचाही धंदा होईल." होईलही. पण आज शंभर टक्के पासचा धंदा बिनबोभाट चाललाय त्यावर तो गप्प आहे, कारण त्याच्या गाडीचाही फोटोच जातो. मी विचारलं तेव्हा हसला.

ता. क. गेल्या रविवारी तात्यांच्या जोडीला नाक्यावरच्या आणखी दोघांनी गाड्या आणल्या. एक पॅशन ३.८ वरून १.९ वर आली. दुसरी बॉक्सर, तिच्यात कार्बन मोनॉक्साईड ठीक आहे पण हायड्रोकार्बन साडेपाच हजारांखाली यायला तयार नाही. प्लग काढला तर काळा, ओला, ऑइलने माखलेला. रिंगा गेल्यात बहुतेक. हेड खोलावं लागणार, खर्च मालकाला विचारून सांगतो म्हणालोय. तोपर्यंत ती नापासच आहे, आणि मालकाने तसं कबूल केलंय.